चाकाच्या खुर्च्यांचा ठावठिकाणा : सिग्नलच्या तीव्रतेवरून जागा ओळखण्याच्या प्रकल्पाच्या नोंदी

३ जून २०२४, सोमवार

आजपासून कामाला सुरुवात झाली. रुग्णालय विश्वस्त संस्थेचे, तीन मजली, साठ खाटांचे. चाकाच्या नऊ खुर्च्या आणि सहा ट्रॉल्या मिळून पंधरा वस्तू आहेत. कागदावर ही संख्या पुरेशी वाटते. पण कॅज्युअल्टीच्या दाराशी रिक्षा येऊन थांबते तेव्हा खुर्ची नेमकी दुसऱ्या मजल्यावरच्या एखाद्या कोपऱ्यात रिकामी उभी असते, आणि मावशींना ती शोधायला जिने चढावे लागतात. गेल्या आठवड्यात दोन दिवस मी त्या दाराशी बसून हे पाहिले. धाप लागलेल्या एका आजोबांना त्यांचा मुलगा आणि रिक्षावाला या दोघांनी हातांची खुर्ची करून आत नेले. त्या वेळी तीन खुर्च्या स्त्री वॉर्डाच्या गॅलरीत एकीत एक घालून ठेवलेल्या होत्या.

प्रत्येक खुर्ची कोणत्या खोलीत आहे, हे नर्सिंग स्टेशनवरच्या पडद्यावर दिसावे, एवढेच उद्दिष्ट ठरवले आहे. जीपीएसचा येथे उपयोग नाही, कारण उपग्रहांचा सिग्नल उघड्या मैदानावरसुद्धा उणे १३० डीबीएमच्या (सिग्नलच्या ताकदीचे एकक; उणे आकडा जितका मोठा, तितका सिग्नल क्षीण) आसपास, म्हणजे अत्यंत क्षीण असतो, आणि दोन स्लॅबखाली तो भरवशाचा उरत नाही. त्यामुळे खुर्चीला ब्लूटूथचा छोटा टॅग आणि भिंतींवर रिसीव्हर अशी रचना घेतली. टॅग दर सेकंदाला आपला क्रमांक उच्चारतो. जे जे रिसीव्हर तो ऐकतात, ते किती जोराने ऐकू आला याची नोंद एका छोट्या संगणकाकडे पाठवतात. जागा ओळखायची ती या ‘किती जोराने’वरून.

७ जून, शुक्रवार

अंतराचे सूत्र तपासले. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की तीव्रता सहा डेसिबेलने घटते, हे पाठ्यपुस्तकातले गणित आहे. इमारतीत मात्र या घटीचा घातांक, म्हणजे अंतराबरोबर सिग्नल किती वेगाने घटतो हे सांगणारा आकडा, जागेप्रमाणे बदलतो (मोकळ्या जागेत तो २ असतो). आमचा टॅग एक मीटरवर उणे ५९ डीबीएम दाखवतो. समजा एखाद्या रिसीव्हरवर उणे ७९ आले, म्हणजे वीस डेसिबेलची घट. घातांक २ धरला तर अंतर १० मीटर निघते, ३ धरला तर साडेचार मीटरांच्या थोडे वर, आणि ४ धरला तर जेमतेम ३ मीटर. लांब, अरुंद कॉरिडॉर लहरींना नळीसारखा पुढे नेतो आणि तेथे घातांक दोनच्याही खाली जातो, तेव्हा तोच आकडा १३ मीटरांच्या जवळपास येतो. एकाच आकड्याची ही चार उत्तरे आहेत, आणि यांपैकी कोणते लागू करायचे हे ठरवायला टॅग कोठे आहे हे आधीच माहीत असावे लागेल.

दुपारी आणखी एक प्रयोग केला. बाकावर मोजपट्टी चिकटवली, टॅग तिच्यावर ठेवला आणि दोन-दोन सेंटिमीटरने सरकवत प्रत्येक ठिकाणी तीस सेकंदांचे वाचन घेतले. सहा सेंटिमीटरच्या सरकण्यात तीव्रता अकरा डेसिबेलने खाली आली आणि पुढच्या सहा सेंटिमीटरमध्ये जवळजवळ पूर्ववत झाली. रिसीव्हर आठ मीटरवर होता. त्याच्या दृष्टीने अंतर बदललेच नव्हते. ब्लूटूथ ज्या वारंवारतेवर चालते त्या २.४ गिगाहर्ट्झला तरंगलांबी साडेबारा सेंटिमीटर असते. थेट आलेली लहर आणि भिंत, फरशी, लोखंडी खाट यांवरून परतलेल्या लहरी कोठे एकमेकींना बळ देतात, तर कोठे एकमेकींना खोडतात, आणि ही बेरीज-वजाबाकी तळहाताएवढ्या जागेत बदलते. सिग्नलची तीव्रता हे अंतराचे माप म्हणून वापरायचे नाही, असा निर्णय आज वहीत तारखेसह लिहिला.

१२ जून, बुधवार

अंतर सोडून द्यायचे तर दुसरा मार्ग ‘ठशांचा’ आहे. प्रत्येक जागेवर उभे राहून सगळ्या रिसीव्हरांना मिळून कोणते आकडे मिळतात हे आधी नोंदवायचे, आणि नंतर आलेल्या आकड्यांशी सर्वांत जुळणारी जुनी नोंद शोधायची. भिंतींनी केलेली परावर्तने सूत्राला अडथळा ठरतात, पण ठशाच्या पद्धतीत तीच खोलीची ओळख बनतात.

या पद्धतीचा पाया परमवीर बहल आणि वेंकट पद्मनाभन यांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये घातला आणि २००० साली ‘रडार’ या नावाने तो मांडला. सुमारे ४३ मीटर गुणिले २२ मीटरच्या एका मजल्यावर तीन केंद्रे होती, सत्तर ठिकाणी नोंदी घेतल्या होत्या, आणि प्रत्येक ठिकाणी माणसाने चारही दिशांना तोंड करून. निम्म्या वेळा चूक साधारण तीन मीटरांच्या आत राहिली. आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की तेथेही फिरते यंत्र बोलत होते आणि स्थिर केंद्रे ऐकत होती; आमची रचना हुबेहूब तीच आहे. पुढे मेरीलँड विद्यापीठात मुस्तफा युसूफ आणि अशोक अग्रवाला यांनी ‘होरस’मध्ये प्रत्येक जागेसाठी सरासरीऐवजी आकड्यांचा संपूर्ण विखुरा, म्हणजे कोणता आकडा किती वेळा आला हे, साठवला आणि अचूकता वाढवली. सरासरीने सुरुवात करून विखुऱ्याकडे जायचे, असे ठरवले आहे.

१५ जून, शनिवार

रुग्णालयातली नोंदणी सुरू होण्याआधी संगणकावरचा भाग तपासून घ्यावा म्हणून स्पेनमधल्या जाउमे प्रथम विद्यापीठाचा खुला विदासंच वापरला. तीन इमारती, वाय-फायचे ५२० अॅक्सेस पॉइंट. निकाल फार वाईट आले आणि कारण शोधण्यात दिवस गेला. त्या विदासंचात जो अॅक्सेस पॉइंट ऐकूच आला नाही त्याच्यापुढे +१०० लिहिलेले असते. ते केवळ चिन्ह आहे, पण माझ्या आज्ञावलीने तो खरा आकडा समजून वापरला. त्यामुळे जो अजिबात ऐकू येत नव्हता तो सर्वांत जोरदार ठरला. त्या जागी उणे १०५, म्हणजे सर्वांत क्षीण वाचनाहूनही कमी आकडा, घातल्यावर निकाल ताळ्यावर आले. आमच्या प्रणालीतही ‘ऐकू आला नाही’ ही माहितीच आहे, आणि ती स्वतंत्रपणे साठवायची आहे.

२१ जून, शुक्रवार

चौदा रिसीव्हर बसवून झाले. सगळे ईएसपी३२ या छोट्या इलेक्ट्रॉनिक पाट्यांवर बांधलेले आहेत. या पाटीत वाय-फाय आणि ब्लूटूथ यांचा रेडिओ एकच असल्यामुळे ती नोंद पाठवत असताना तिला टॅग ऐकू येत नाही. म्हणून प्रत्येक वाचन तत्काळ न पाठवता पाच सेकंदांची नोंद एकदम पाठवण्याची सोय केली. सुटणारी वाचने लक्षणीय घटली.

टॅग बसवताना मात्र अपेक्षेपेक्षा जास्त वेळ गेला. खुर्चीच्या पोलादी नळीला टॅग थेट बांधला की त्याचा अँटेना बिघडल्यासारखा वागतो : तीव्रता आठ-दहा डेसिबेलने उतरते आणि खुर्ची वळवली की आणखी बदलते. नळी आणि टॅग यांच्यामध्ये दीड सेंटिमीटर जाडीचा फोमचा तुकडा ठेवल्यावर फरक निम्म्याहून कमी झाला. पहिल्यांदा टॅग बैठकीच्या कापडाखाली लावला होता. मावशींनी तो पाहून लगेच सांगितले, “सर, इथं नका लावू. आम्ही खुर्ची रोज फिनेलच्या पाण्यानं धुतो, आणि लघवीची पिशवी पण इथंच सांडते.” मला हे कोणत्याही पुस्तकात मिळाले नसते. आता टॅग पाठीच्या मागे, ढकलण्याच्या मुठीखाली, प्लास्टिकच्या बंद डबीत आहे.

२९ जून, शनिवार

ठशांची नोंदणी आज पूर्ण झाली. बासष्ट जागा, प्रत्येक जागी खुर्ची चार दिशांना वळवून दर दिशेला दीड मिनिट. नुसते वाचन सहा तासांहून अधिक. जागा बदलणे, फरशीवर खडूने खूण करणे आणि वॉर्डातले काम न अडवता वाट पाहणे धरून एकूण पाच रात्री लागल्या.

खुर्ची रिकामी ठेवून नोंदणी करणे चुकीचे ठरले असते. माणसाच्या शरीरात पाण्याचे प्रमाण मोठे, आणि २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात शोषल्या जातात. म्हणून रात्रपाळीचे दोन कक्षसेवक आळीपाळीने खुर्चीत बसले. एकाच जागी रिकाम्या आणि भरलेल्या खुर्चीच्या वाचनांत, पाठीमागच्या रिसीव्हरवर फारसा फरक नव्हता, तर समोरच्या रिसीव्हरवर सात डेसिबेलचा होता. टॅग पाठीमागे असल्यामुळे बसलेला माणूस स्वतःच समोरच्या बाजूला सावली पाडतो. दोन्ही प्रकारच्या नोंदी ठेवल्या आहेत.

५ जुलै, शुक्रवार

पहिली चाचणी. सिस्टर आणि मी मिळून एकशे वीस वेळा खुर्ची ठरवलेल्या खोलीत नेली आणि प्रणालीचे उत्तर लिहून घेतले. योग्य खोली ८१ वेळा, शेजारची खोली २७ वेळा, आणि चुकीचा मजला १२ वेळा.

शेजारची खोली खटकत नाही. दारातून डोकावले की खुर्ची दिसते. चुकीचा मजला मात्र अक्षम्य आहे. ज्या मावशी तळमजल्यावरून पहिल्या मजल्यावर धावत गेल्या आणि तेथे खुर्ची मिळाली नाही, त्या या पडद्यावर पुन्हा विश्वास ठेवणार नाहीत, आणि ते योग्यच आहे. बारापैकी दहा चुका रॅम्पच्या बाजूच्या आहेत. इतर ठिकाणी स्लॅब सिग्नल चांगला अडवतो, पण रॅम्पची विहीर तळापासून वरपर्यंत उघडी आहे, आणि तिच्यातून सिग्नल एका मजल्यावरून दुसऱ्यावर विनाअडथळा चढतो. उरलेल्या दोन चुका एक्स-रे कक्षातल्या होत्या. त्या कक्षाच्या दाराला शिशाचा पत्रा आणि भिंती जाड. आत गेलेली खुर्ची जवळच्या रिसीव्हरला ऐकूच येत नाही आणि प्रणाली दूरच्या एखाद्या क्षीण वाचनावर विसंबते. रॅम्पच्या प्रत्येक वळणावर एक आणि एक्स-रे कक्षाच्या आत एक, असे चार रिसीव्हर वाढवावे लागतील.

१३ जुलै, शनिवार

सकाळी नीट चालणारी प्रणाली संध्याकाळी चारनंतर भरकटते, अशी तक्रार स्त्री वॉर्डातून आली. सिस्टरांनी बोलावून दाखवले : पडद्यावर खुर्ची औषध भांडारापाशी आणि प्रत्यक्षात ती त्यांच्या टेबलाला टेकलेली.

चार ते सहा भेटीची वेळ असते. त्या वेळी वॉर्डात रुग्णामागे दोन-तीन नातेवाईक, कॉरिडॉरमध्ये डबे घेऊन उभी माणसे, बाकांवर दाटी. मी साडेचारला तासभर थांबून एका स्थिर टॅगचे वाचन घेतले. दुपारी दोन वाजता जे आकडे दोन-तीन डेसिबेलच्या आत हलत होते, ते आता दहा-बारा डेसिबेलने खालीवर जात होते, आणि सरासरीही घसरली होती. रिसीव्हर विजेच्या खालच्या प्लगला, म्हणजे गुडघ्याच्या उंचीवर लावले होते. उभी आणि बसलेली सगळी माणसे टॅग आणि रिसीव्हर यांच्या बरोबर मध्ये येत होती. दोन दिवसांत सगळे रिसीव्हर दाराच्या चौकटीच्या वर, सात फुटांवर नेले. त्यासाठी प्लगपासून पट्टीतून तार वर घ्यावी लागली आणि रुग्णालयाच्या इलेक्ट्रिशियननी ती कोणतीही कुरकुर न करता घेतली. उंची बदलल्यामुळे जुने ठसे निकामी झाले. बासष्ट जागांची नोंदणी पुन्हा करायची आहे, आणि या वेळी प्रत्येक जागेचे दोन संच घ्यायचे : एक रात्रीचा, एक भेटीच्या वेळेचा. सरासरी सोडून विखुरा साठवण्याची वेळही हीच आहे, कारण ज्या रिसीव्हरचे आकडे गर्दीत वाहवतात त्याचे मत त्या जागेपुरते आपोआप हलके धरले जाते.

२४ जुलै, बुधवार

नव्या नोंदणीनंतर दोन सुधारणा केल्या.

पहिली : पंधरा टॅग एकसारखे बोलत नाहीत. काहींचा सेल उतरत आला आहे, काहींचा फोम दबला आहे. एक मीटरवर ठेवून पाहिले तर सर्वांत मोठ्या आणि सर्वांत हळू आवाजाच्या टॅगांमध्ये सहा डेसिबेलचे अंतर निघाले. म्हणून आता मूळ आकडे न जुळवता, सर्वांत जोरदार रिसीव्हरपेक्षा इतर रिसीव्हर किती खाली आहेत, हा फरक जुळवला जातो. टॅग हळू बोलला तर तो सगळ्यांनाच सारख्या प्रमाणात हळू ऐकू येतो आणि फरक कायम राहतो. जे रिसीव्हर ऐकण्याच्या सीमेवर असतात ते मात्र गळून पडतात; तेवढा तोटा स्वीकारला आहे.

दुसरी : खुर्ची भिंतीतून जात नाही. पुरुष वॉर्डातून शस्त्रक्रियागृहात जायचे तर कॉरिडॉर आणि लिफ्ट किंवा रॅम्प ओलांडावाच लागतो. कोणती खोली कोणत्या खोलीला लागून आहे याचा आराखडा काढून, शक्य नसलेल्या उड्या प्रणालीने नाकाराव्यात अशी तरतूद केली. त्यात लिफ्टसाठी वेगळा विचार करावा लागला. लिफ्टच्या पोलादी पेटीत दार बंद झाले की टॅग सर्वांनाच ऐकू येईनासा होतो आणि अर्ध्या-पाऊण मिनिटाने दुसऱ्याच मजल्यावर प्रकटतो. लिफ्टच्या दारापाशी शेवटचे ऐकू येऊन पूर्ण शांतता झाली, तरच मजला बदलण्याची मुभा द्यायची, असा नियम केला; रॅम्पसाठी वळणावरच्या रिसीव्हरने टॅग ऐकलेला असणे बंधनकारक केले. चुकीच्या मजल्याच्या चुका यामुळे जितक्या घटल्या, तितक्या आधीच्या कोणत्याही गणिती सुधारणेने घटल्या नव्हत्या.

१ ऑगस्ट, गुरुवार

व्यवस्थापनाच्या बैठकीत असेच टॅग कर्मचाऱ्यांच्या ओळखपत्रांत घालावेत का, असा प्रश्न आला. मी तेथेच माझे मत सांगितले आणि ते येथेही लिहून ठेवतो. खुर्ची कोठे आहे हे विचारणे आणि मावशी कोठे बसल्या आहेत हे विचारणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ज्यांनी रात्री जागून खुर्चीत बसून ठसे घेऊ दिले, त्यांच्यावर त्याच ठशांनी पाळत ठेवली जावी, हे मला मान्य नाही. विषय तूर्त मागे पडला आहे.

याच अनुषंगाने एक तांत्रिक काम पूर्ण केले. रिसीव्हरांना आमचे पंधरा टॅगच नव्हे, तर रुग्णांचे आणि नातेवाइकांचे मोबाइल, घड्याळे, कानातली यंत्रेसुद्धा ऐकू येतात. बहुतेक नवे मोबाइल आपला ब्लूटूथ पत्ता दर काही मिनिटांनी बदलतात, पण सगळीच उपकरणे बदलत नाहीत. आमच्या यादीत नसलेला कोणताही पत्ता रिसीव्हरवरच टाकून दिला जातो. तो संगणकापर्यंत पोहोचत नाही आणि कोठेही साठत नाही.

१९ ऑगस्ट, सोमवार

पावसाळी तापाचे रुग्ण वाढल्यामुळे पुरुष वॉर्डात सहा जादा खाटा आल्या आणि औषध भांडाराबाहेर दोन लोखंडी कपाटे उभी राहिली. त्या दोन ठिकाणचे ठसे त्या दिवसापासून जुळेनासे झाले. इमारत जिवंत आहे, तिच्यातले लोखंड आणि माणसे हलत राहणार. एकदा काढलेला नकाशा कायम टिकणार नाही, ही या पद्धतीतली सर्वांत मोठी उणीव आहे आणि ती टाळता येत नाही.

बदल झाला आहे हे निदान आपोआप कळावे, यासाठी २००३ साली मांडल्या गेलेल्या ‘लँडमार्क’ या आरएफआयडी (रेडिओ लहरींनी टॅग ओळखण्याच्या) प्रणालीची कल्पना उसनी घेतली. तिच्यात माहीत असलेल्या जागी काही टॅग कायमचे लावून ठेवलेले असत, आणि हिंडणाऱ्या टॅगची तुलना त्यांच्याशी होत असे. आम्ही सहा जागी, छताला लागून, असे अचल टॅग लावले. त्यांची जागा प्रणालीला माहीत आहे. त्यांपैकी एखाद्याचे आकडे सलग दोन दिवस नेहमीच्या विखुऱ्याबाहेर राहिले, तर त्या भागाची नोंदणी पुन्हा करा, असा संदेश येतो. भांडाराबाहेरच्या चार जागांची फेरनोंदणी कालच्या रात्री वीस मिनिटांत झाली, आणि ती मी नाही, रात्रपाळीच्या कक्षसेवकांनी केली.

२ सप्टेंबर, सोमवार

दुसरी चाचणी, पुन्हा एकशे वीस वेळा, त्यांतल्या चाळीस भेटीच्या वेळेत. योग्य खोली १०४, शेजारची खोली १४, चुकीचा मजला २. त्या दोन्ही वेळा खुर्ची रॅम्पच्या मधल्या वळणावरच थांबवलेली होती, जेथे ती कोणत्या मजल्यावर आहे याचे उत्तर माणसालाही विचार करून द्यावे लागेल.

पडदा कसा असावा यावर सिस्टरांशी तीनदा चर्चा झाली. मी आधी इमारतीचा नकाशा काढून त्यावर ठिपके दाखवले होते. ठिपका पाहिला की माणसाला वाटते, खुर्ची अगदी तेथेच आहे. आणि तेवढे खात्रीने सांगण्याची या सिग्नलची कुवत नाही. आता पडद्यावर साधी यादी आहे : खुर्चीचा क्रमांक, खोलीचे नाव, आणि शेवटचे केव्हा ऐकू आले ती वेळ. दोन खोल्यांमध्ये निवड करता येत नसेल तर दोन्ही नावे येतात. पाच मिनिटे काहीच ऐकू आले नाही तर ओळ फिकी होते, पण शेवटची जागा पुसली जात नाही.

आज सकाळी सव्वानऊला कॅज्युअल्टीतून खुर्चीची मागणी आली. यादीत सात क्रमांकापुढे ‘एक्स-रे किंवा पुरुष वॉर्ड’ असे होते. मावशी दोन्हींच्या मधल्या दारापाशी गेल्या. खुर्ची उघड्या दारामागे भिंतीला लावलेली होती. त्यांनी ती बाहेर काढली, ब्रेक सोडला आणि रॅम्पने खाली नेली. पडद्यावर वळणावरच्या रिसीव्हरची नोंद नऊ वाजून एकोणीस मिनिटांची आहे, आणि कॅज्युअल्टीची नऊ वाजून वीस मिनिटांची.